शंभराच्या स्टँपवरची फारकत

शिवप्रिया कामाला वाघीण होती, असं माकणीतले लोक आता सांगतात. नऊ वर्षं ती तिथं राबली, तेव्हा एकाच्याही तोंडातून हे निघालं नाही. लोक असलेच!

ती मुरुमची लेक. पहिलं लग्न गावातल्याच शंभुलिंगशी झालं, दीड वर्षात फिसकटलं. पंच बसले. तिनं जोडवी काढून पाटावर ठेवली, पंचांतल्या गुरुलिंगअण्णांनी शंभराच्या स्टँपवर फारकत लिहिली, सगळ्यांनी सह्या ठोकल्या आणि चहा पिऊन मंडळी उठली. शंभुलिंगनं महिन्याच्या आत दुसरी केली. बाप्या माणूस, त्याला कोण विचारणार?

वर्षानं माकणीच्या श्रीशैलशी तिचा पाट लावून दिला. सासू पार्वतम्मा लकव्यानं तीन वर्षं अंथरुणाला खिळली होती, तिचं हागणं-मुतणं शिवप्रियानं काढलं. श्रीशैल आईच्या खोलीत नाकाला रुमाल लावून जायचा. पण पोटी लेकरू नाही, म्हणून सासू गेल्यापासून घरात हिची किंमत उतरत चालली होती. निदान रेशनकार्डावर तरी आपलं नाव असावं, एवढंच बिचारीच्या मनात आलं. घर आपलं आहे, असं कुठंतरी लिहिलेलं तिला हवं होतं.

नाव चढवायला ती फारकतीचा कागद घेऊन सेतू केंद्रात गेली. तिथल्या माणसानं तो उलटसुलट करून बघितला. "ह्याच्यावर नोटरी कुठंय?"

हे तिच्या जिवाला लागलं. घरी येऊन तिनं श्रीशैलच्या मागं लकडा लावला. "अहो, चला की उमरग्याला. एक शिक्का राहिलाय तेवढा मारून आणू." तो कुरकुरत गेला. नेलं तिनंच, हे ध्यानात ठेवा.

वकिलानं कागद वाचला आणि चष्मा काढला. "बाई, नोटरी केली असती तरी हे असंच. लग्न कोर्टाच्या हुकुमानं मोडतं, कागदावर सह्या करून न्हाय. तुमच्या समाजात पंचांपुढं फारकतीची जुनी रीत आहे, हे पुराव्यानं सिद्ध केलं तर गोष्ट वेगळी. न्हायतर कायद्यानं तुम्ही अजून शंभुलिंगच्याच बायको. हे दुसरं लग्न धरलंच जात न्हाय."

तिनं कागदाची घडी करून पदरात बांधली. श्रीशैल मात्र परतीच्या एसटीत मजेत होता, तिला शेंगदाणे घेऊन दिले मेल्यानं!

दुसऱ्या दिवशी ती एकटीच मुरुमला गेली. गुरुलिंगअण्णांपुढं पदर पसरला. "अण्णा, आपल्यात अशी रीत हाय, एवढं कोर्टात सांगा. तुमीच लिहिली की फारकत."

अण्णा अडकित्त्यानं सुपारी कातरत राहिले. "श्रीशैल सकाळीच येऊन गेला, पोरी. आपल्यात असलं कधी नव्हतंच. कागदाचं मला काय आठवत न्हाय."

सही त्यांची, अक्षर त्यांचं. थू असल्या पंचावर!

माकणीत परतली तर अंगणात तिचं गाठोडं बांधून ठेवलेलं. ओसरीवर पाव्हणे बसले होते, लोहाऱ्याहून मुलगी द्यायला आलेले. ती रडली नाही. सरळ पाव्हण्यांपुढं उभी राहिली. "दुसरी आणायची तर आणा. पर मला रीतीनं सोडा. पंच बोलवा, कागद करा, म्या सही करते. नऊ वर्षं नांदलेय ह्या घरात."

श्रीशैल पाव्हण्यांकडं बघून हसला.

"हिच्याशी कशाचा कागद करायचा? सोडायला आधी बायको असावी लागती," तो म्हणाला. मग पाव्हण्यांना चहा आणायला त्यानं तिलाच सांगितलं.