हेलियम आणि मोठे मामा

जगात कुणावरही विश्वास न ठेवता माणूस किती सुखाने जगू शकतो, हे ज्यांना पाहायचं होतं त्यांनी माझ्या मोठ्या मामांना पाहायला हवं होतं. परतूरच्या मोंढ्यात त्यांचा ज्वारीचा व्यापार. माझे वडील लवकर गेले, आई मला घेऊन भावाकडे आली आणि मी त्यांच्याच घरात वाढलो, शिकलो. तेव्हा इथे जे लिहितो आहे ते कृतज्ञतेनेच. पण म्हशीची धार स्वतःसमोर काढून घेणारे, आणि त्याआधी रिकामी चरवी उपडी करून तिच्या बुडावर टिचकी मारणारे मामा मी रोज सकाळी पाहिले, ते कसं नाकारू? कुणाच्याही तराजूवर माल चढवण्याआधी ते आपला अडकित्ता आळीपाळीने दोन्ही पारड्यांत ठेवून बघत. रेल्वेत बसल्यावर "ही औरंगाबादलाच जाती न्हवं?" असं तिघांना विचारत, आणि तिघांनी एकच उत्तर दिलं की "हे आपसात मिळालेले दिसतेत" असं माझ्या कानात सांगून चौथ्याकडे वळत. मी बी.एस्सी. झालो, घराण्यातला पहिला पदवीधर. निकाल पेपरात छापून आला होता. मामा तो पेपर घेऊन थेट विद्यापीठात गेले, खिडकीवरच्या कारकुनाकडून खात्री करून आले आणि पेढे वाटता वाटता आईला म्हणाले, "पास हाय म्हनला. पर तो मानूस पर्मनंट हाय का न्हाई, ते इचारायचंच राह्यलं बघ."

पुढे मला अंदमानात नोकरी लागली, पर्यटकांना समुद्राच्या तळाची ओळख करून देणाऱ्या एका केंद्रात. पोहायला मला मामांच्याच विहिरीने शिकवलं होतं, त्यामुळे कामाचं त्यांना विशेष वाटलं नाही. पण काही वर्षांनी मी मिश्र वायूंवर खोल बुडी मारण्याच्या अभ्यासक्रमाला बसलो. तो पास झालो तर केंद्र मला प्रशिक्षक म्हणून कायम करणार होतं. मोठ्या उत्साहाने मी परतूरला फोन केला.

"पान्यात बुडायचं सर्टिफिकेट?" मामा म्हणाले. "देतेत कधी, बुडायच्या आधी का बुडाल्यावर?"

आणि खात्री करून घ्यायला ते स्वतःच आले. रेल्वेने आणि पुढे बोटीने, बोटीवरच्या पाण्याचा भरवसा नाही म्हणून परतूरच्या पाण्याची कळशी सांभाळत.

आमचे सर नौदलातून निवृत्त झालेले, मूळचे मालवणकडचे, फार शांत माणूस. त्यांनी मामांना समजावून सांगितलं, की फार खोल गेल्यावर साधी हवा दारूसारखी चढते, त्यातला नायट्रोजन डोकं भ्रमिष्ट करतो, आणि दाबाखाली जास्तीचा ऑक्सिजनसुद्धा झटके आणतो. म्हणून दोन्ही कमी करून त्यात हेलियम मिसळायचा. मामा मान हलवत होते, पण ती कशासाठी हलते आहे ते कळत नव्हतं. मग सर म्हणाले, "आमच्यात नियमच आहे मामा. सिलेंडर कुणीही भरलेलं असो, बुडी मारणाऱ्याने आतला वायू स्वतः मोजायचा आणि आकडा लिहून खाली सही करायची. माझ्या शब्दावरसुद्धा जायचं नाही."

मामांचा चेहरा उजळला. "हा मानूस बराबर हाय," ते मला म्हणाले. मग थोडं थांबून, "लईच बराबर हाय. जपून ऱ्हाय."

शेवटच्या परीक्षेच्या बुडीच्या दिवशी सकाळी मी माझं सिलेंडर मोजून, सही करून ओसरीत ठेवलं आणि पोशाख आणायला आत गेलो. परत येतो तर मामांनी त्याची चावी जराशी पिळून तोंडाशी पेटती काडी धरलेली. काडी विझली. त्यांनी दुसरी ओढली, तीही विझली. तेवढ्यात सर ओरडत आले आणि त्यांनी काडेपेटी हिसकावून घेतली. "अहो मामा, शेजारी ऑक्सिजनची सिलेंडरं आहेत! जीव गेला असता ना!"

"म्हंजे जीव जातो, हे तुमाला मान्य हाय," मामा शांतपणे म्हणाले. "पोरगं उतरनार न्हाई."

सरांना उलगडा होईना. मला मात्र झाला. आमच्याकडे ज्वारी जमिनीतल्या पेवात साठवतात. बंद पेवात वाईट हवा कोंडते, म्हणून उघडल्यावर आधी दोरीने पेटता कंदील सोडायचा, आणि तो विझला तर माणसाने उतरायचं नाही. मामांचे थोरले भाऊ माझ्या जन्माआधी एकदा घाईत कंदील न सोडता उतरले होते. त्यांचा देह वर ओढणारे मामाच. घरात हा विषय कुणी काढत नसे.

मी त्यांना सांगून पाहिलं, की वर जो ऑक्सिजन थोडा वाटतो तो खाली दाबामुळे पुरून उरतो, आणि काडी बहुधा वायूच्या फुंकरीने विझली असेल.

"बहुधा?" मामा म्हणाले.

आज बुडी झाली नाही तर प्रमाणपत्र नाही, आणि ती जागा दुसऱ्याला. तरी मी पोशाख खाली ठेवला. मामांच्या मनाविरुद्ध मी आयुष्यात शाळेच्या सहलीलाही गेलो नव्हतो. मामा त्या खाली पडलेल्या पोशाखाकडे बराच वेळ बघत राहिले. मग सरांना म्हणाले, "मास्तर, तुमीबी संगं उतरनार न्हवं? मंग ह्याचं सिलेंडर तुमी घ्या, तुमचं ह्याला द्या."

"घेतो की," सर म्हणाले.

नियमाप्रमाणे आम्ही दोघांनी पुन्हा मोजलं, पुन्हा सह्या केल्या. मामा विचारात पडले. "इतक्या जल्दी हो म्हनले. म्हंजे चांगलं हेच आसंल. परत बदला." आम्ही परत बदलली, परत मोजली. सरांनी हूं का चूं केलं नाही, आणि मामांना त्याचाही संशय आला. तिसऱ्यांदा बदलायला लावलं, तेव्हा सर हात जोडून म्हणाले, "मामा, चाळीस वर्षांत इतकं कुणी तपासलेलं नाही. ह्या पोराइतका सुरक्षित माणूस आज समुद्रात नसेल."

"ते वर आल्यावर बघू," मामा म्हणाले. पण होडीत आधी तेच चढले.

खोलवरून येताना एकदम वर येता येत नाही, टप्प्याटप्प्यावर थांबत यावं लागतं. हे मामांना नीट सांगायचं त्या गडबडीत राहून गेलं. मी दोराला धरून निवांत लटकत होतो. वर काय चाललं होतं ते नंतर नावाड्याने सांगितलं. मामा होडीच्या काठावर पालथे झोपले होते, तोंड पाण्याला टेकेपर्यंत वाकून बुडबुडे बघत. "आजून वर का येईना?" असं विचारत होते, आणि नावाड्याने काहीही सांगितलं तरी पुढचा प्रश्न तोच.

मी वर आलो, होडीत चढलो, मुखवटा काढला. सर म्हणाले, "पास." मामांनी तिकडे पाहिलंही नाही. ते माझ्या मागे येऊन बसले आणि माझ्या ओल्या पाठीवर त्यांनी तळहात ठेवला, अगदी फुप्फुसावर. मी श्वास घेतला की तो हात वर यायचा, सोडला की खाली जायचा. किनारा लागेपर्यंत त्यांनी तो काढला नाही. मला वाटलं होतं, उतरल्यावर विचारू, की मामा, तपासत होतात की काय. विचारलं नाही. आता ते नाहीत. मी दरवर्षी नव्या पोरांना समुद्रात उतरवतो, वर आल्यावर सगळ्यांची विचारपूस करतो, आणि ती पोरंही मला "सर, तुम्ही ठीक ना?" असं आपुलकीने विचारतात. ठीक आहे म्हटलं, की त्यांना ते खरं वाटतं.