रशियन पोटमाळा

पोटमाळा हा शब्द रशियन आहे, असं डार्मश्टाटमधली पाच शहाणी माणसं वर्षभर धरून चालली होती. चूक माझी होती. ती निस्तरायला गेले आणि भलतंच काही निस्तरावं लागलं.

माझं काम हरवलेल्या खोल्या परत उभ्या करण्याचं. दगडविटांच्या नव्हे, कॉम्प्युटरमधल्या. जुने फोटो, नकाशे, पत्रं, सुतारांच्या याद्या, जे हाती लागेल त्यावरून पाडलेली किंवा बदललेली जागा पडद्यावर पुन्हा बांधायची. पुण्यात आर्किटेक्चर शिकले, पुढचं शिक्षण इथे झालं आणि मग इथेच राहिले. त्या वर्षी आमच्या गटाकडे पीटर्सबर्गजवळच्या एका महालाच्या खोल्या आल्या होत्या. झारचा महाल. आमच्या या गावची राजकन्या लग्न होऊन त्या घरात गेली आणि रशियाची शेवटची राणी झाली. पुढे त्या घराण्याचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. नंतर तिच्या हौसेच्या काही खोल्याही मोडल्या गेल्या. भिंतीवर उठावात काढलेले गुलाबाचे वेल गेले, पिवळसर लाकूडकाम गेलं, आणि उंच खोलीच्या अर्ध्यावर काढलेला एक लाकडी सज्जाही गेला. त्या सज्जावर ती बसायची म्हणे.

हे आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिने नेमकं मुद्द्याचं तेवढं उचललं.

“म्हणजे तू राहतेस ते तिचं माहेर.”

“हो.”

“आणि तिकडे तिने माहेरासारखी खोली करून घेतली?”

“हो गं, तसंच काहीसं.”

“घेणारच,” आई म्हणाली.

कॉम्प्युटरमध्ये खोली बांधताना प्रत्येक भागाला नाव द्यावं लागतं. छत, भिंत, चौकट. त्या सज्जाला जर्मन शब्द आहे, इंग्रजीही आहे. पण त्या दिवशी माझ्या बोटांतून रोमन अक्षरांत पोटमाळा उतरला. नंतर बदलू म्हटलं आणि राहून गेलं. महिन्याभरात सगळा गट ‘डेर पोटमाला’ म्हणायला लागला. बाकीच्यांना वाटलं, मी रशियन कागदपत्रांतून शोधून काढला असेल. मला ऐकायला इतकं बरं वाटायचं की मी कुणालाच अडवलं नाही.

आमच्या पुण्याच्या घरात बाबांनी पोटमाळा काढून घेतला होता. जुनी सोसायटी, तिसरा मजला, छत चांगलं उंच. बाबा ड्राफ्ट्समन होते. आयुष्यभर लोकांच्या घरांचे नकाशे काढले, आणि स्वतःच्या घरात बांधली ती ही एवढीच गोष्ट. स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या बोळावर सागाच्या फळ्या टाकल्या, पुढे बोटभर उंचीची पट्टी, वर जायला शिडी. उभं राहता यायचं नाही. दहावीपासून पुढचा सगळा अभ्यास मी तिथे मांडी घालून केला. खालून फोडणीचा वास यायचा, आई जाता-येता दिसायची, आणि नुसत्या तिच्या चालण्यावरून आज बोलायचं की गप्प बसायचं ते मला कळायचं.

बाबा गेल्यावर घर आईच्या आणि माझ्या नावावर झालं. त्यानंतर सोसायटीने रिडेव्हलपमेंट काढलं. सगळ्या घरांच्या सह्या झाल्या, फक्त आमच्या घराची अर्धीच झाली. राहिलेली अर्धी माझी. मी एकामागून एक खुसपटं काढत होते. बिल्डरच्या नकाशात स्वयंपाकघराला उजेड नाही, करारातलं अमुक कलम मोघम आहे. खुसपटं खरी होती, पण कारण ते नव्हतं. मला ते घर हवं होतं. राहायला नको होतं, नुसतं असायला हवं होतं. जगात कुठेतरी त्या फळ्या आहेत आणि माझी जागा तिथे रिकामी आहे, एवढ्या भरवशावर मी इथले हिवाळे काढत होते. आई म्हणायची, “अगं, नव्या इमारतीत लिफ्ट असेल.” मी म्हणायचे, “बघू गं, एवढं काय अडलंय?”

मग महालाच्या खोल्यांच्या प्रदर्शनाचे फलक छापायची वेळ आली आणि तिथे माशी शिंकली. फलकावर सज्जाच्या चित्राखाली तिरक्या अक्षरांत पोटमाळा, आणि पुढे ‘रशियन शब्द’ अशी नोंद. मजकूर तपासायला एका रशियन बाईंकडे गेला होता. त्यांनी फार अदबीने लिहिलं होतं की हा शब्द आपल्या ऐकण्यात नाही, कुठल्या भागातल्या बोलीतला आहे ते कळवावं.

आमचे प्रमुख साठीचे, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. “आल्झो, बरं मग, कुठल्या बोलीतला?”

माझे कान तापले. “माझ्या,” मी म्हटलं.

ते आधी पाहत राहिले आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. शब्दाची फोड करून मागितली. मी सांगितलं, पोट म्हणजे पोटच, आणि माळा म्हणजे मजला. मजल्याच्या पोटातला मजला. “गेनाऊ! अगदी बरोबर!” ते म्हणाले. “आमच्या शब्दापेक्षा चांगला आहे. तुमच्या घरातल्या पोटमाळ्याचा फोटो आहे का?”

नव्हता. घरी येऊन सगळे फोटो धुंडाळले. मुंजी, वाढदिवस, दिवाळ्या, आणि प्रत्येक फोटोत कुणीतरी पोटमाळ्याच्या पुढे उभं. लोकांच्या महालांतली एकेक पट्टी मोजणारी मी, पण आपल्या फळ्या किती होत्या ते मला सांगता येईना. मी आईला फोटो काढून पाठवायला सांगितलं.

पहिल्या आठवड्यात तिच्या मोबाइलमध्ये जागा नव्हती. दुसऱ्या आठवड्यात बोळातला दिवा गेला होता. मग गौरी-गणपती आले. एका रविवारी माझा पारा चढला.

“आई, काय अवघड आहे त्यात? शिडी चढायची, दोन फोटो काढायचे, उतरायचं.”

“काढते गं.”

“कधी? घर पाडल्यावर?”

आईने ते कानाआड केलं. मग एकदम वेगळाच विषय काढला.

“तुझी ती राणी. वर बसायची म्हणालीस. उतरायची कुठून?”

“तेच तर सापडत नाहीये. फोटोत नेमकं त्या कोपऱ्यात झाड ठेवलंय. जिना दिसतच नाही.”

“मग बसली असेल तिथेच,” आई म्हणाली. “आणि माहेरची माणसं म्हणत असतील, कित्ती छान खोली.”

मला हसू आलं, आणि अर्ध्यावरच थांबलं.

“आई, तू खाली शेवटची कधी उतरलीस?”

“पाडव्याला.”

“गुढीपाडव्याला? अगं, आता गणपती झाले! आरतीला गेले होते म्हणालीस ना?”

“गॅलरीतून टाळ्या वाजवल्या. समोरच्या वहिनींनी प्रसाद पिशवीत घातला, मी दोरीने वर ओढला. भाजीही तशीच घेते.” आणि मग, न चिडता, “शिडी कसली चढते मी! मी मोरीचा उंबरा भिंत धरून ओलांडते.”

“मला सांगायचं नाही का?”

“सांगितलं की. लिफ्ट लिफ्ट म्हणत नव्हते का?”

त्या दिवशी मला माझी शरम वाटली. हे शहाणपणाने म्हणत नाही, अंगाला झोंबावी तशी वाटली. माझ्या आठवणींवर पहारा द्यायला मी आईला तिसऱ्या मजल्यावर बसवून ठेवलं होतं. आणि वर फोटो मागत होते! तिने एकदाही तोंडावर म्हटलं नाही की तुझ्यामुळे. म्हणाली असती तर बरं झालं असतं. निदान भांडता आलं असतं.

पुढचं काम कागदांचं. फ्रँकफर्टला आपल्या वकिलातीत जाऊन आईच्या नावच्या मुखत्यारपत्रावर सही केली, शिक्का घेतला, कुरिअर केलं. सहीला हात उचलत नव्हता, हेही सांगून टाकते. अपराधी वाटतंय म्हणून ओढ कमी होते असं नाही. येताना ट्राममध्ये मी रडले, उघड्यावर, रुमालसुद्धा न काढता. समोरच्या आजींनी खिडकीबाहेर बघण्याचं सौजन्य दाखवलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले आणि पोटमाळ्याचं नाव खोडून तिथे जर्मन शब्द लिहिला. प्रमुख म्हणाले, राहू द्यायचा होता. मी म्हटलं, नको.

डिसेंबरात आई शेजारच्या गल्लीत भाड्याच्या घरी गेली. पाचवा मजला, लिफ्टवाला. सामान हलवताना मामेभावाने न सांगता पोटमाळ्याचे फोटो काढून पाठवले. मी अजून उघडून पाहिलेले नाहीत. पाहीन कधीतरी. इमारत पाडायला घेतली त्या दिवशी आईने मला कळवलं नाही, आणि मीही दिवसभर फोन केला नाही.

मग एका दुपारी तिला फोन लावला तर मागे रिक्षांचा आवाज, कुणाचं तरी पोर रडतंय, आणि आई ओरडून बोलतेय.

“कुठे आहेस?”

“खाली! बाकावर. आम्ही तिघी मटार सोलतोय. ऊन छान आहे.”

“कधीची बसलीस?”

“जेवून उतरले ती इथेच आहे.”

“आई, थकशील. जा आता वर.”

ती जशी हसली, तसं मी तिला बाबा गेल्यापासून हसताना ऐकलं नव्हतं. शेजारच्या दोघींना तिने आधी माझं वाक्य ऐकवलं, त्यांनाही हसवलं, आणि मग मला म्हणाली, “मला नाही गं इतक्यात वर जायची घाई.”