मास्तरांनी इमारतीचं माप घेतलं

आमच्या मास्तरांनी तीस वर्षं शिवणकाम केलं आणि पन्नाशी उलटल्यावर एका दिवसात दोन्ही मशिनं विकून भिंती धुण्याचा पंप आणला. माझी पँट दरवर्षी कमरेत सैल करून देणारा आणि त्याबद्दल माझ्या बायकोपाशी अवाक्षर न काढणारा हा माणूस असा हातचा गेला, याचं मला वैयक्तिक दुःख आहे.

याला कारण त्यांचा मेहुणा. त्याचं तयार कपड्यांचं दुकान. "दाजी, आता शिवून कोण घेतंय? माझ्याकडे कोपऱ्यात स्टूल टाकतो, गिऱ्हाइकांच्या पँटी आखूड करत बसा." त्या स्टुलाच्या धास्तीनं मास्तर पाण्यात उतरले. दोन महिन्यांत एका बंगल्याचं कुंपण धुतलं, बस. आणखी महिनाभर काम मिळालं नसतं तर स्टूल नक्की होतं.

तेवढ्यात एका सातमजली कचेरीच्या मॅनेजरचा निरोप आला : इमारत बाहेरून धुवायची आहे, दर सांगा.

मास्तर गळ्यात टेप अडकवून हजर. मागे वही घेऊन मास्तरीणबाई. मास्तरांनी इमारतीची कंबर मोजायला घेतली. टेप पाच फुटी, दर टेपेला भिंतीवर खडूची रेघ.

"अहो, धुवायला आलात की रंगवायला?" मॅनेजर ओरडला.

"बासष्ट टेपा आणि वर चोवीस इंच," मास्तर म्हणाले. "लिही." मग गच्चीवरून दोरा सोडून उंची घेतली.

"बरं, दर काय?"

"एका इमारतीचे सहा हजार."

मास्तरीणबाईंनी त्यांना बाजूला ओढलं. "अहो, सहा हजार त्या कुंपणाचे घेतले होते!"

"जाड माणसाकडून कधी जादा शिलाई घेतली का मी?"

"जाड माणसाला सात मजले नव्हते! आणि त्याच्या अंगावर दोरीनं लोंबकळावं लागत नव्हतं. दोरीवरच्या माणसांची मजुरी, पाण्याचे टँकर, विमा, हे सगळं कोण भरणार? जाड माणूस?"

मास्तरांना पटलं. भिंतीचा दर चौरस फुटावर ठरला. खिडक्यांचा मात्र वेगळा, कारण काज-बटणाचे पैसे वेगळे लावायचे हे त्यांच्या रक्तात होतं. म्हणून त्यांनी खिडक्या मोजल्या. एकशे शहाण्णव.

"दोनशे," मॅनेजर फाईल बघत म्हणाला. "बाकीच्या दोन कंपन्यांनीही दोनशेच लिहिल्यात."

"त्यांनी तुमची फाईल मोजली असेल. मी इमारत मोजली."

मग मॅनेजर स्वतः मान वर करून, बोट नाचवत तीन फेऱ्या मारून आला. एकशे शहाण्णव. चार खिडक्या बांधायच्याच राहून गेल्या होत्या. आणि गेली आठ वर्षं काचा पुसणाऱ्यांना दोनशेचे पैसे जात होते, दर बिलावर मॅनेजरची झोकदार सही.

मॅनेजरचा चेहरा चुन्यासारखा झाला. "मास्तर, दोनशेच लिहा."

"कोटाला कापडच नाही तिथं मी काज कुठं पाडू?"

"मग काम दुसऱ्याला जाईल."

मास्तरीणबाईंची पेन्सिल थांबली. मास्तरांना डोळ्यांपुढं ते स्टूल दिसायला लागलं, एक पाय आखूड असलेलं. तरी ते म्हणाले, "नसलेली खिडकी मी धुणार नाही, साहेब. असेल ती धुईन."

"असेल तर धुवाल ना? नक्की?" मॅनेजरनं विचारलं आणि घाईघाईनं आत गेला.

तिसऱ्या दिवशी फोन. मास्तर गेले, तर मागच्या भिंतीवर पहिल्या मजल्यावर चार नव्या खिडक्या! पडद्यांसकट रंगवलेल्या. पेंटर हौशी निघाला. एका खिडकीत त्यानं डुलक्या घेणारा कारकूनही काढला होता.

मास्तरांनी एकपासून पुन्हा मोजलं. भरल्या दोनशे. मग शिडी लावून वर चढले, कारकुनाच्या नाकावरून बोट फिरवलं आणि ओल्या रंगानं माखलेलं बोट निरखलं.

"या चारांवर पंप चालायचा नाही," ते वरूनच म्हणाले. "रंग उडेल. हातानं, मऊ फडक्यानं पुसाव्या लागतील."

"म्हणजे?"

"म्हणजे नाजूक कापडाची शिलाई जास्त."

मास्तरीणबाईंनी चारही खिडक्यांपुढे दुप्पट दर लिहिला आणि वही पुढे केली. मॅनेजरनं सही करण्याआधी एकदा कारकुनाकडं पाहिलं. तो झोपलेलाच होता.