पश्चात दोन मुलगे

भाऊंच्या निधनाची बातमी मी लिहिली. जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रांनी ती जवळजवळ जशीच्या तशी छापली. गावचे सरपंच, पंचायत समितीचे सभापती, तीन वेळा आमदार, विधानसभेत पक्षाचे गटनेते, आणि मग शेवटची ओळ: 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा आप्तपरिवार आहे.' भाऊंना एक मुलगीही आहे. ती बाभुळगावला राहते. त्या ओळीतून मी तिला गाळलं. ते कसं झालं ते इथे लिहितो. नावं लिहीत नाही. ज्यांना कळायला हवं त्यांना कळेल.

मी मुळात शिक्षक. भाऊंच्या संस्थेच्या शाळेत मराठी शिकवायला लागलो आणि दुसऱ्याच वर्षी त्यांनी मला पत्रव्यवहारासाठी यवतमाळच्या कार्यालयात बोलावून घेतलं. हजेरीपटावर सही शाळेत, काम भाऊंकडे. माझ्या वर्गाला कोण शिकवत होतं हे मी कित्येक वर्षं विचारलंही नाही. भाऊ मला शेवटपर्यंत 'मास्तर' म्हणत. भाषणं लिहायची, विधानसभेतले प्रश्न तयार करायचे, आलेल्या माणसाला बसवायचं, चहा सांगायचा, ही माझी कामं.

भाऊ जुन्या वळणाचे होते आणि त्याचा त्यांना अभिमान होता. पहाटे उठून पूजा, घरात कांदा-लसूण नाही, दौऱ्यातही बाहेरचं खाणं नाही. गावोगावच्या बायका दारूच्या दुकानाविरुद्ध उभ्या राहिल्या तेव्हा ते उन्हात त्यांच्याबरोबर बसले. लाच घेतली असं त्यांचे विरोधकही म्हणत नसत. शाळेत संस्काराचा तास असावा, घरात थोरांचा शब्द चालावा, असं ते सभेत बोलत आणि घरीही तसंच वागत. त्यांना ढोंगी म्हणता आलं असतं तर माझं काम सोपं झालं असतं.

हे सगळं सुरू झालं तेव्हा मुलगी चोवीस वर्षांची होती. मी तिला शाळेपासून पाहत आलो होतो. ती मला काका म्हणायची. दहावीत असताना निबंध तपासून घ्यायला ती कार्यालयात यायची आणि मी एखादा शब्द बदलला की वाद घालायची. "काका, हे तुमचं भाषण नाही, माझा निबंध हाय."

एका सकाळी कुठल्याशा दाखल्यासाठी मी विवाह नोंदणीच्या कार्यालयात गेलो होतो. रांग होती म्हणून फलकावरच्या नोटिसा वाचत उभा राहिलो. नोंदणी विवाह करायचा तर महिनाभर आधी तशी नोटीस लावतात. तिथे तिचं नाव होतं, खाली भाऊंचं नाव, गाव. मुलगा कृषी खात्यात सहायक होता, बाभुळगावचा, दुसऱ्या समाजातला. नोटीस लागून आठच दिवस झाले होते.

त्या दुपारी आम्ही नेरला निघालो होतो. मी पुढच्या सीटवर. ड्रायव्हर थट्टेखोर माणूस. म्हणाला, "मास्तर आज काहून चूप हायेत भाऊ? भाषण पोटातच राह्यलं वाट्टे."

भाऊ मागून म्हणाले, "राहू दे. पोटातलं बरं असते, लोकायले तरास नाही."

सगळे हसलो. मी गप्पच बसू शकलो असतो. बावीस दिवस गेले असते आणि तिचं लग्न होऊन गेलं असतं. पण नेरच्या विश्रामगृहावर भाऊ हातपाय धुऊन एकटे बसले होते तेव्हा मी जाऊन सांगितलं. दुसऱ्या कुणाकडून कळलं तर मला जाब विचारतील ही भीती होती, हे मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. ते अर्धं खरं आहे. एवढी मोठी गोष्ट त्यांना पहिल्यांदा माझ्याकडून कळावी असंही मला वाटलं होतं.

त्यांनी हातातला टॉवेल घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "आक्षेप घेता येते ना?"

"येतो."

"मंग लिवा."

आईबापाची नापसंती हे कायद्यात कारण नाही, हे मला माहीत होतं. म्हणून मुलीच्या वयाचा पुरावा संशयास्पद आहे असं मी लिहिलं. जिच्या दहावीच्या फॉर्मवर जन्मतारीख मी माझ्या हातानं भरली होती, तिच्याबद्दल. मुलाची बदली थेट जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, उमरखेडला झाली. त्याचं पत्रही मीच तयार केलं. चौकशीत आक्षेप टिकला नाही. लग्न दीड महिना लांबलं, एवढंच. तोवर ती घर सोडून मैत्रिणीकडे राहायला गेली होती.

लग्नाच्या दिवशी संध्याकाळी तिचा मला फोन आला. "काका, झालं आमचं. बाबाले एक सांगजा. बारावी झाल्यावर त्यांनं घेऊन देल्ली होती ना, अबोली साडी, तेच नेसली म्या. दुसरी नाही घेतली. इतकंच सांगजा."

आक्षेप कुणाच्या अक्षरात आहे हे तिनं पाहिलं असणार. त्याबद्दल ती काही बोलली नाही.

मी निरोप दिला नाही. घरात तो विषय काढायचा नाही असं भाऊंनी बजावलं होतं. योग्य वेळ येऊ दे, असं मी ठरवलं.

पुढच्याच वर्षी भाऊंनी विधानसभेत एक अशासकीय विधेयक मांडलं. लग्नाच्या नोंदणीला आईवडिलांची संमती लागावी, असं. अशी विधेयकं मंजूर होत नसतात. सदस्य बोलतो, मंत्री आश्वासन देतात, सदस्य विधेयक मागे घेतो. म्हणजे भाषणालाच काय तो अर्थ. ते लिहायला मी तीन दिवस घेतले. कायद्याच्या मुद्द्यांनी सभागृह हलत नाही, माणूस दिसला पाहिजे, हे मला इतक्या वर्षांत कळलं होतं. मी लिहिलं: 'एका बापानं लेकीचं कौतुक म्हणून साडी घेतली. लेक गेली ती तीच साडी नेसून गेली. अध्यक्ष महोदय, त्या बापानं आता कपाटातल्या रिकाम्या जागेकडे पाहून काय म्हणायचं?'

भाऊंनी कागद वाचला. त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे साडीचं कुठून आणलं मास्तर?"

तीच ती योग्य वेळ होती. मी म्हणालो, "सुचलं."

सभागृहात त्या ओळीशी ते थांबले. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. ते भाषण मोबाईलवरून गावोगाव फिरलं, कीर्तनकारांनी उचललं, पक्षाच्या शिबिरांत दाखवलं गेलं. दीड वर्षानं गटनेता निवडायची वेळ आली तेव्हा जुनेजाणते तिघे बाजूला राहिले आणि भाऊंचं नाव पुढे आलं. यवतमाळला मिरवणूक निघाली. मला लोकांनी पेढे भरवले. बारशाला, लग्नाला, शाळेच्या स्नेहसंमेलनाला लोक भाऊंना तेच बोलायला सांगत आणि भाऊ बोलत. मुलीचा निरोप बापानं शेकडो वेळा माईकवरून सांगितला, पण तो आपल्यालाच आलेला निरोप आहे हे त्यांना कधी कळलं नाही.

भाषण मुलीनंही ऐकलं असणार. त्यानंतर तिचा फोन आला नाही. पुढे नवऱ्याची बदली परत बाभुळगावला झाली, मूल झालं, हे मला इकडून तिकडून कळत गेलं.

मागच्या निवडणुकीत भाऊ पडले. त्यानंतर मूत्रपिंडाचा आजार वाढला. नागपूरच्या दवाखान्यात मी त्यांच्याजवळ बसत असे. रोज मी पेपर वाचून दाखवायचो आणि ते मधेच विचारायचे, "बाभुळगावकडं पाऊस झाला काय?" दारव्हा, नेर, बोरी अरब, कुठलंच नाव नाही. रोज बाभुळगाव. तिकडे शेत नव्हतं, नातं नव्हतं. तो भाग त्यांच्या मतदारसंघातही नव्हता. झाला म्हटलं की डोळे मिटून घ्यायचे. एकदा मी विचारलं, "भाऊ, बोलावू काय कोणाले?" "मास्तर, तुमी पेपर वाचा," म्हणाले. याचा अर्थ नको असा होता, की तुम्हीच समजून घ्या असा होता, मला अजून सांगता येत नाही.

ते जाण्याच्या चार दिवस आधी तिचा फोन आला. इतक्या वर्षांनी.

"काका, कसं हाय त्यांचं?"

"काही खरं नाही."

"मले येऊन तमाशा नाही करायचा. दादा दारातच बोलन आन् आई मधात मरन." दादा म्हणजे तिचा मोठा भाऊ. "एक करजा. बातमी तुमीच लिवता. त्याच्यात लिवजा, एक मुलगी. नाव नका टाकू. तितकं आलं तं मी तेरवीले येईन, आईले भेटीन. नाही आलं तं समजून जाईन."

"लिहितो," मी म्हणालो.

आणि मी लिहिलंही. भाऊंना घरी आणलं त्या सकाळी ओसरीच्या कोपऱ्यात बसून मोबाईलवर मजकूर तयार केला. पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी. मोठ्या मुलानं पाठवण्याआधी फोन मागून घेतला.

"हे मुलगी कोन हाय मास्तर?"

मी फोन परत घ्यायला हात पुढे केला.

"भाऊनं म्हणलं होतं काय तुमाले तसं?"

म्हणता आलं असतं. रोज बाभुळगावचा पाऊस विचारत होते, एवढं तर सांगता आलं असतं. तो तापट आहे, पण बापाच्या शब्दापुढे जाणारा नाही. पुढच्या वेळी तिकीट त्याला मिळणार, हे दारात उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं, मलाही. संस्था आता त्याची. माझ्या निवृत्तीला चार वर्षं आहेत.

"नाही," मी म्हणालो.

"मंग?" त्यानं फोन माझ्या हातात दिला. त्यानं स्वतः काही खोडलं नाही. आतल्या खोलीत वहिनी, म्हणजे भाऊंच्या पत्नी, बायकांच्या घोळक्यात बसल्या होत्या. त्यांना विचारावं असं मनात आलं. मी उठलो नाही. दोन शब्द पुसले आणि बातमी पाठवून दिली.

तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"काका, पेपर पाह्यला."

"हो."

"एक इचारू काय? खरं सांगजा. बाबानंच सांगून ठेवलं होतं काय तसं?"

मी घराबाहेर, मांडवाच्या मागे उभा होतो. आजूबाजूला कुणी नव्हतं. मला भिण्यासारखं त्या क्षणी काहीच नव्हतं. तिनं मला शिव्या दिल्या नसत्या, त्या तिला येतही नाहीत. फक्त मी पुसलं एवढं सांगायचं होतं.

"हो," मी म्हणालो. "भाऊंची तशी इच्छा होती."

पलीकडे तिच्या मुलाचा आवाज येत होता, काहीतरी मागत होता. ती त्याला म्हणाली, थांब रे. मग मला म्हणाली, "बरं. त्यांचा शब्द हाय तं असू द्या." आणि थोड्या वेळानं, "तुमी जेवले काय? आवाज खोल गेला तुमचा."

तेरवीला ती आली नाही. पंगती उठल्यावर वहिनींनी मला हाक मारली. भिंतीला टेकून बसल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "मास्तर, मले वाटलं होतं पोरगी येईन. तुमचं काही बोलनं झालं काय?"

"नाही," मी म्हणालो.

यानंतर दोनदा मी बसनं बाभुळगावला गेलो. दोन्ही वेळा स्टँडवर चहा घेतला आणि परतीच्या गाडीत बसलो. समोर उभं राहून मला सांगता येत नाही. लिहिता येतं, जन्मभर तेवढंच केलं. म्हणून लिहितो.

बाई, तुझ्या वडिलांनी काहीही सांगून ठेवलं नव्हतं. तुला त्या ओळीतून मी खोडलं, आणि तू विचारलंस तेव्हा त्यांच्या नावावर टाकलं. साडीचा निरोप मी त्यांना दिला नाही. दवाखान्यात ते रोज बाभुळगावच्या पावसाचं विचारत होते. तुझी आई यवतमाळच्या घरीच असते. दुपारी दोघं मुलगे संस्थेत असतात.