डवऱ्याचं पाणी

नात ओहोळाच्या वाळूत वाकडी होऊन पडली होती. तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, उलटी थांबत नव्हती. ते पाणी तिला मीच पाजलं होतं.

पोरांनो, आमच्या वाडीखालचा ओहोळ दोन ढांगांत ओलांडाल एवढाच. पण मे महिन्यातही वाहतो, उंबराच्या मुळांना धरून. दगडांखाली खेकडे, पाण्यात बारीक मासे, वर फांदीवर खंड्या टपलेला. वाहतं पाणी आम्ही पीत नाही. काठच्या वाळूत हाताने खड्डा उकरायचा, पहिलं गढूळ उपसून टाकायचं, मग निवळ झिरपेल ते प्यायचं. तो डवरा. वाळूतून आलं ते स्वच्छ, असं आईने शिकवलं. चौथीपर्यंत शाळेत गेले, तिथेही कुणी वेगळं सांगितलं नाही.

त्या सकाळी मी धुणं घेऊन गेले होते. सात वर्षांच्या नातीला तहान लागली. मी डवरा काढून दिला. एक घोट घेऊन ती म्हणाली, "आजी, वास येतो गो. फवारणीच्या औषधासारखा."

माझ्या तोंडात मशेरी. मला कसला वास येणार?

"मोठी शहाणी! डवऱ्याचं हाय ते. पी गपचूप."

ती प्यायली. थोड्या वेळात वरून मासे वाहत आले, पोटं वर करून. पोरगी ओकायला लागली तेवढ्यात मागून पुतण्या आला, पिशवीत मासे वेचत. भातावर मारायचं उरलेलं औषध त्याने वरच्या डोहात ओतलं होतं.

"काकी, आज कालवण!" हसतच आला. मग पोरगी दिसली. पिशवी टाकून, तिला पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत धावला तोच. त्याचं तेवढंच चांगलं सांगता येईल.

जीपने मुरबाडला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कुणी पाजलं?"

"मी," म्हटलं.

बाहेर पुतण्या म्हणतो, "काकी, म्हातारे लोक पण झाडाची साल कुटून डोहात टाकायचेच ना?"

"सालीने मासा गुंगायचा, मग उठून पळायचा. तुझा एक तरी उठला का रे?"

तेव्हापासून मी त्याच्याशी बोललेली नाही.

वाळू गाळ अडवते, विष अडवत नाही. पाण्याला वास आला तर थुंका. आजी दटावत असली तरी थुंका. माझ्यासारख्या म्हाताऱ्या पुष्कळ आहेत.

खंड्या अजून त्या फांदीवर आलेला नाही. खाणार काय? नात चौथ्या दिवशी घरी आली. माझ्या हातचं पाणी आता ती आधी हुंगते, मग पिते. त्या सकाळी ते पाणी ज्यांच्या पोटात गेलं, मासे काय, खेकडे काय, त्यांतली ती एकटी वाचली.