मुखवट्यासह आणि मुखवट्याविना

भवानीपूरला आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे मार्कावाले काका कुठलीही चांगली वस्तू दिसली की विचारत, "हे कुणाच्या नावावर आहे?" मी लग्न होऊन कलकत्त्याला आले, तेव्हा माझ्या लोणच्यालाही त्यांनी तोच प्रश्न केला. "सासूबाईंच्या," मी म्हटलं. "मग नोंदवून टाका. चांगल्या गोष्टीवर दुसऱ्याचा डोळा असतोच." मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

डलहौसीतल्या एका कचेरीत ते साबणांचे, छत्र्यांचे, काडेपेट्यांचे ट्रेडमार्क नोंदवून देत. घरात प्रत्येक कुलूप दोनदा ओढून बघायचे. याचं कारण काकूंनीच मला सांगितलं. त्यांचा एकुलता एक वासू लहानपणीच टायफॉइडने गेला. त्याचा एकही फोटो नव्हता. 'पुढच्या पूजेला काढू' म्हणता म्हणता राहून गेला. तेव्हापासून काकांच्या तोंडी एक वाक्य बसलं होतं: "राहून गेलं की गेलं."

त्यांचा धाकटा भाऊ बापू मुलांच्या एका साप्ताहिकात पगारी चित्रकार होता. त्याने तिथे 'गगनवीर' उभा केला. गगनवीर मुखवटा घालून हावड्याच्या पुलावरून झेपावायचा, बुडत्या नावा उचलायचा आणि शेवटच्या चौकटीत मुखवटा काढायचा. तो चेहरा वासूचा होता, पंचविशीला पोचलेल्या वासूचा. काकूंनी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तोंडाला पदर लावून किती वेळ बसून राहिल्या. मग दर शनिवारी त्या अंकाची वाट बघू लागल्या. "बापूभावजी, किती वाळलाय हो या खेपेला," असं दटावायच्यासुद्धा.

गगनवीर गाजला तसा साप्ताहिकाचा मालक त्याची नोंदणी करून घ्यायला काकांकडेच आला. पगारी माणसाने काढलेलं चित्र कायद्याने मालकाचं, हे काकांनीच बापूला समजावलं.

"दादा, मुखवटा नोंदव, झेप नोंदव," बापू म्हणाला. "चेहरा तेवढा सोड."

"सोडला तर उद्या कुणीही उचलेल. राहून गेलं की गेलं, बापू."

आणि अर्जात त्यांनी स्वतःच्या हाताने घातलं: मुखवट्यासह आणि मुखवट्याविना. त्या संध्याकाळी सगळ्या इमारतीत संदेश मिठाई वाटली. "आता त्याला कुणी हात लावू शकत नाही," मला म्हणाले. इतके खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. बापूने मात्र ताटलीतल्या संदेशाला बोटही लावलं नाही.

पुढे वह्यांवर गगनवीर आला, मग गोळ्यांच्या डब्यांवर. काकूंनी ते डबे देवघराशेजारी मांडले. मग बापूचं मालकाशी बिनसलं, त्याने नोकरी सोडली आणि गगनवीर दुसऱ्याच्या हाती गेला. त्याचे डोळे आठवड्या-आठवड्याला कठोर होत चालले. "हा मला ओळखत नाही गं," काकू एकदा म्हणाल्या आणि अंक पालथा ठेवून दिला. बापूने दुसऱ्या मासिकात नव्या नावाने तो चेहरा काढायला घेतला, तर पहिल्याच अंकाला मालकाची नोटीस आली. नोटिशीत काकांचेच शब्द होते. त्यानंतर बापूने कुंचला धरला तो फक्त दुकानांच्या पाट्या रंगवायला.

कालीपूजेच्या तोंडावर कळलं की मालकाने गगनवीरचा चेहरा फटाक्यांवर छापायला कारखानदाराला दिला. काका टोपीसुद्धा न घालता धावले. परत आले ते जिन्यातच बसले. मी पाणी आणून दिलं. "मालक म्हणतो, 'उकीलबाबू, कागज तो आपनिई पाका कोरेछेन.' खरंय. कागद मीच पक्का केला. एक फट ठेवली नाही."

कालीपूजेला त्यांनी घरातल्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. बाहेर फटाके वाजत होते.

सकाळी मी दूध आणायला खाली उतरले. गल्लीभर लाल कागदांचा खच पडला होता. काका धोतर खोचून वाकून तुकडे वेचत होते. कुठे कपाळ, कुठे जळका गाल, कुठे नुसता डोळा. कोटाचे दोन्ही खिसे फुगले होते. मीही वाकले. माझ्या हाताला ओठ आणि हनुवटीचा एक धड तुकडा लागला, तो मी पुढे केला. त्यांनी दोन्ही हातांनी घेतला.

तेवढ्यात वरची खिडकी उघडली.

"अहो, एवढं काय वेचताय?" काकूंनी विचारलं.

काकांनी मान वर केली नाही.

"काही नाही," ते म्हणाले. "कागद आहेत."