दोन भरलेले पेले

प्रभुभोजनात सगळ्यांनी घोटभर घ्यायचा रस शलोमीबाई आदल्या दिवशी करतात. तासगावचे काळे बेदाणे भिजवायचे, शिजवायचे, कुस्करून पातळ फडक्यातून गाळायचे. सांगलीतल्या त्या लहानशा चर्चमध्ये लग्न होऊन आल्यापासून हे काम त्यांचंच. उपासनेआधी त्या काचेच्या बोटभर पेल्यांत रस ओततात, तबकं ती फिरवणाऱ्या चर्चच्या पंचांच्या हाती देतात आणि आपल्या बाकावर जाऊन बसतात. तबक समोर आलं की मात्र पेला उचलत नाहीत. शेजारणीकडे सरकवतात.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत त्यांचे यजमान दाविद गेले, तेव्हापासून हे असं आहे. दाविद मूळचे मेढ्याचे. बाई स्वतः तेव्हा दवाखान्यात पडून होत्या. दाविदना घेऊन पालिकेची गाडी ख्रिस्ती दफनभूमीच्या फाटकापर्यंत आली होती. फाटकाची किल्ली पंच नानासो वायदंड्यांकडे असे. ते दाविदचे जिवलग. नाताळची गाणी दोघं मिळून बसवायचे. नानासोंनी खिडकीतूनच सांगितलं, किल्ली सापडत नाही. गाडीवाल्यांनी थोडी वाट पाहिली आणि गाडी वळवली. दाविदना पालिकेच्या स्मशानात अग्नी दिला गेला. किल्ली नानासोंच्या सदऱ्याच्या खिशातच होती, हे त्यांच्या सुनेनं, स्वप्नालीनं, पुढे रडत येऊन सांगितलं. घरात तान्हं बाळ होतं. आबा घाबरले, म्हणाली.

नवे पाळकसाहेब एकदा समजवायला आले. खिळे ठोकणाऱ्यांनाही प्रभूनं क्षमा केली, मावशी, असं म्हणाले.

"केली की," बाई बेदाण्यांच्या काड्या निवडत म्हणाल्या. "पण प्रभूच्या देहाला परक्याची का हुईना, कबर मिळाली. माझ्या माणसाची तर हक्काची जागा व्हती. आन् मनात राग ठेवून मेजाशी येऊ नये, हे तुमीच सांगता. मग मी खोटं कशाला करू?"

पाळकसाहेबांनी चहा संपवला.

उपासनेनंतर पेले धुवायलाही बाईच. त्यांचा भरलेला पेला त्या सदाफुलीच्या आळ्यात ओततात. बऱ्याचदा तबकात आणखी एक भरलेला निघे. आलं नसेल कुणीतरी, म्हणून त्या सोडून देत. यंदा उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी प्रभुभोजन चालू असताना त्या फडकं आणायला चर्चच्या आतल्या खोलीत गेल्या होत्या. पंच सगळ्यांना वाटून झाल्यावर शेवटी आपसांत घेतात. दाराच्या फटीतून बाईंना दिसलं, नानासोंनी पेला उचलला, मान झुकवली आणि तो तसाच परत ठेवला.

त्यांना दया आली नाही. संताप आला. घरी जाताना रोजची गल्ली चुकली. दुःख त्यांचं होतं, उपास त्यांचा होता. त्यातही या माणसानं वाटा मागावा? शुक्रवारी वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलले. बाईंना एकही धड ऐकू आला नाही. उठल्या, बसल्या, पाणी पिऊन आल्या. उपासना सुटताच त्यांनी नानासोंना पायरीवर गाठलं.

"पेला का ठेवता वं परत?"

नानासो चप्पल घालत होते. एक पाय तसाच राहिला. "तुमी घेत न्हाई, वैनी. मी कुठल्या तोंडानं घेऊ?"

"म्हंजे आता ते बी माझ्यावर ढकला."

"ढकलत न्हाई. भ्यालो मी. त्याच्या ताटात जेवलेला माणूस, आन् भ्यालो."

"मग माफी का न्हाई मागितली कवा?"

"मागितली असती तर तुमाला द्यावी लागली असती. पाळक, मंडळी, समदी तुमच्या मागं लागली असती. ते नको व्हतं मला."

"लय शाणे," बाई म्हणाल्या आणि चालू लागल्या.

शनिवारी बेदाणे पातेल्याला लागले. पुन्हा धुऊन नवे शिजत घातले, तर फडकं सापडेना. आपला न घेतलेला पेला म्हणजे आपलं आणि देवाचं काय ते, असं इतकी वर्षं त्या समजत होत्या. आता त्याला एक उपाशी माणूस बांधलेला होता. दाविद गेले, त्यांची मातीही मिळाली नाही. उरला होता तो हा राग. तोही देऊन टाकायचा म्हणजे हातात काय राहणार? प्रभूकडे तरी, सगळं देऊन झाल्यावर, काय राहिलं होतं? त्या ओट्याशी उभ्या होत्या, आणि रस उतू जायला आला होता.

पुनरुत्थानाच्या रविवारी त्यांच्या बाकापाशी तबक घेऊन नानासोच आले. बाईंचा हात उचलेना. नानासो पुढे सरकेनात. मागे कुणी खोकलं.

शेजारच्या राहीबाईंनी कोपर मारलं. "शलोमे, घे न्हाईतर सरकव."

बाईंनी पेला उचलला. दोन थेंब पांढऱ्या पदरावर सांडले. वर न बघताच त्या हळू आवाजात म्हणाल्या, "चला आता पुढं. माणसं खोळंबलीत."

रस घशाखाली उतरला. मन काही शांत झालं नाही. सगळ्यांचं झाल्यावर पंच आपसांत पेले घेऊ लागले. नानासोंची पाळी आली की मान खाली घालायची, असं बाईंनी ठरवलं होतं. पण त्या बघत राहिल्या, त्यांचा पेला रिकामा होईपर्यंत.